पिंपावरचा म्हातारा

“अरे हिर्श, मला पार उडवलंस की रे!”

विल्ना शहरातल्या प्रदर्शनात माझ्या चित्रासमोर बाबा आ वासून उभे होते. चित्रात आमच्या गावच्या छपरांवरून एक म्हातारा पिंपावर मांडी घालून तरंगत चालला होता. खाली हिरवी गाय, आणि खिडकीतून आई त्याला जेवायला हाक मारत होती. बाबा गावात लाकडी पिंपं बनवायचे. खारवलेल्या माशांची, काकड्यांची. जुनी गळकी पिंपंही दुरुस्तीला यायची. त्यांच्या हाताचा माशांचा वास साबणानंही जात नसे.

“आता उतरू कसा? तुझी आई असती ना, तर शिडी घेऊन धावली असती.”

मी हसलो नाही. मी त्यांना बोलावलंच नव्हतं. आम्हा ज्यूंचा शनिवारचा शब्बाथ संपल्यावर, रविवारच्या पहिल्या गाडीनं ते आपणहून आले होते. अंगात लग्नातला कोट.

तेवढ्यात झोफियाबाई आल्या. प्रदर्शन त्यांनीच भरवलं होतं. नाकाला रुमाल लावत त्यांनी मला पोलिशमध्ये विचारलं, “हे कोण?”

“मॉडेल,” मी म्हणालो. “चित्रासाठी बसायचे माझ्यासमोर.”

बाबांना बाजारापुरतं पोलिश येत होतं. एवढं कळायला ते पुरेसं होतं. माझ्याकडे न बघता ते बाईंसमोर वाकले.

“हो बाईसाहेब. साहेब फार चांगले. बसल्या बसल्या चहासुद्धा देतात.”

आणि गेले. मी खिडकीतून पाहत होतो. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर ते थांबले, आपला तळवा नाकाशी नेऊन हुंगला, मग तो हात खिशात घातला आणि स्टेशनकडे चालू लागले. मी मागे धावलो नाही. झोफियाबाईंना स्वप्नांत रंग कसे येतात ते समजावत राहिलो.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. सुतकाचे सात दिवस मी आमच्या रीतीप्रमाणे गावच्या घरी बुटक्या स्टुलावर बसून होतो. आरसा झाकलेला. शेजारची खाया नावाची पाववाली उकडलेली अंडी घेऊन आली.

“भाग्यवान रे तुझा बाप! किती वेळा सांगायचा आम्हाला. पोरानं हाताला धरून बड्या लोकांपुढं नेलं, म्हणाला, हे माझे वडील. त्या बाईनं म्हणे स्वतः उठून खुर्ची दिली.”

भेटायला जमलेल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या.

“खरं ना रे, हिर्श?”

मला मान वर करवेना.

“हो,” मी म्हणालो. “मखमलीची होती.”