बाईंची अंथरलेली चटई

“हे तुम्हाला काही खरं वाटायचं नाही,” कातारी आजोबा फरशीवर बसत म्हणाले, “पण तुमच्या बाई एका लाल चेंडूच्या मागं धावत गेल्यात, आणि तो चेंडू थांबायचं नाव घेत नाही!”

वीस पोरं टकामका बघू लागली. मधोमध बाईंची चटई, बारा दिवसांपूर्वी अंथरलेली. तिच्यावर एक लाकडी गाय आणि ‘गाय पळते’ अशी चिठ्ठी. ‘गाय’च्या वर काळा लाकडी मनोरा उभा, नामाची खूण: जागचं न हलणारं. ‘पळते’च्या वर क्रियापदाचा लाल चेंडू यायचा होता, पण तो उचलतानाच बाई छाती धरून उठल्या. त्या दवाखान्यात गेल्या त्या गेल्याच.

हे मनोरे, हे चेंडू आजोबांनीच लाकडातून कातलेले. बायकोचा, म्हणजे बाईंचाच, हुकूम तसा. चेंडू जरा अडखळला की म्हणायची, “हा कसला घरंगळतोय? परत कातून आणा!”

वर्गाचा नियमही तिचाच: ज्यानं चटई अंथरली त्यानंच गुंडाळायची, तोवर दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. म्हणून पोरं बारा दिवस चटईला वळसा घालून चालत होती. “बाई येतील की गुंडाळायला!” शेवटी बाईंच्या जागी आलेल्या नव्या ताईंनी आजोबांना गाठलं. “तुम्हीच सांगा त्यांना. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.”

आजोबा रस्ताभर ‘तुमच्या बाई आता येणार नाहीत’ हे एकच वाक्य घोकत आले. पण वीस तोंडं वळली, आणि जन्माची खोड असलेली थापच आधी बाहेर पडली.

“चेंडू गेला जिन्यावरून टणाटण. चौकात पोलिसानं शिट्टी मारली, तर यानं शिट्टीच गिळली!”

“हॅट!” पुढचे दोन दात पडलेला एक जण म्हणाला.

“हॅट काय, बोळक्या? पुढं लागला समुद्र. बाईंनी चपला घेतल्या हातात आणि पाण्यावरून सुसाट!”

“बुडाल्या नाहीत?”

“पाण्याची काय टाप! उलट दरडावलं समुद्राला, ‘रांगेत उभा राहा!’ राहिला बिचारा, लाटा पोटाशी घेऊन.”

वर्ग खदखदून हसला. आजोबांना जोर चढला. पोरं हसताहेत तोवर ते वाक्य टळत होतं.

“म्हणून उशीर होतोय, दुसरं काही नाही. चेंडू दमला की येतील. आल्या की ही चटई...”

उगाच काहीतरी करायचं म्हणून ते वाकून चटईची कड सरळ करू लागले. खिशातून चष्म्याची एक काडी बाहेर डोकावली.

सगळ्यांत मुखदुर्बळ पोर, जिला बाई चिमणी म्हणायच्या, ती उठली. चटईला नीट वळसा घालून आजोबांपाशी आली आणि खिशावर बोट ठेवून उभी राहिली.

“खोटं बोलताय, आजोबा. हा बाईंचा चष्मा आहे. चष्म्याशिवाय त्यांना चेंडू दिसतच नाही.”