द्राक्षांच्या घडाचं माप

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापड कापणारी मोठी कात्री नव्हे. ती वेगळी, तिचा तोराही वेगळा. मी बोटभर लांबीची, दोरे कापायची. कपडा शिवून झाला, काजं-बटणं झाली, की शेवटचा लोंबता धागा माझ्या वाट्याला यायचा. म्हैसूरच्या एका गल्लीत हणमंतरावांचं शिवणाचं दुकान होतं. तिथे चाळीस वर्षं मी त्यांच्या हाताशी राहिले. "हिनं तोडल्याशिवाय कपडा पुरा होत नाही," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. त्या एका वाक्यावर मी किती दिवस खूश असायचे म्हणून सांगू!

मग त्यांची नजर अधू झाली. दुकान बंद झालं आणि ते शहराच्या कडेला, बोगादीला, मुलाच्या घरी राहायला आले. मी एका बिस्किटांच्या डब्यात गेले, खडूचे तुकडे आणि सुटी बटणं यांच्या संगतीला. तीन वर्षं कुणी झाकण उघडलं नाही. माझ्या सांध्यावर गंज चढला.

झाकण उघडलं ते द्राक्षांमुळे.

घरामागे एकाच मांडवावर दोन वेली होत्या. एक निळ्या द्राक्षांची, दुसरी हिरव्या बिनबियांची. हिरवी वेल त्यांची सात वर्षांची नात स्पंदना हिनं दोन वर्षांपूर्वी लावलेली, म्हणजे काडी तिनं खोचली आणि माती हणमंतरावांनी दाबली. ती त्यांना 'ताता' म्हणते, आपण आजोबा म्हणतो तसं. घड लागले की बुलबुल आणि खारी पहाटेच हजर होत. म्हणून तातांनी ठरवलं, प्रत्येक घडाला पिशवी शिवायची.

आता शिंपी माणूस पिशवी कशी शिवणार? टेप घेऊन मांडवाखाली उभे राहिले. घडाचा घेर, लांबी, खांद्याचं माप ते सांगत आणि स्पंदना वहीत लिहून घेई. तातांच्या पत्नी शांताक्का दारातून म्हणाल्या, "आता त्यांना खिसेही लावा, म्हणजे झालं." स्पंदनाच्या फ्रॉकचं अस्तर उरलं होतं, त्याच्याच पिशव्या झाल्या. अगदी अंगाबरोबर, कुठे सुरकुती नाही. धागे मीच तोडले. इतक्या वर्षांनी काम मिळालं होतं, मी फुशारून गेले.

महिन्याभरात अवकाळी पावसाच्या दोन सरी आल्या. पिशव्या सोडून पाहिल्या, तेव्हा निळे घड ठणठणीत. हिरवे मात्र आतून कुजलेले, मण्यांवर राखेसारखी करडी बुरशी, आणि आंबूस वास. एकही घड हाती लागला नाही.

शांताक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. एकच मांडव, एकच पाणी, पिशव्यासुद्धा एकाच कापडाच्या, मग निळीला काही झालं नाही ते कसं, असं त्यांचं म्हणणं. "साकु!" त्या कानडीत म्हणाल्या. "पुरे झालं. हिची जातच नाजूक. आपल्या स्पंदनासारखी, वारा लागला की शिंकली. काढून टाका."

बोलल्या त्या सहजच. जीव होता त्यांचा नातीवर. सर्दी होऊ नये म्हणून उंच गळ्याचा तो अस्तराचा फ्रॉक त्यांनीच घालायला लावला होता.  पण संध्याकाळी मला डब्यात ठेवायला आली तेव्हा स्पंदनानं हळूच विचारलं, "ताता, नाजूक असलं की काढून टाकतात?"

 दुसऱ्या दिवशी ताता तिला घेऊन रोपवाटिका चालवणाऱ्या शेजारच्या वनजाकडे गेले. मी त्यांच्या खिशातच होते. वनजानं सांगितलं, की निळीची साल जाड, घडही जरा सुटा, वारं आरपार जातं. हिरवीची साल पातळ, आणि मणी एकमेकांना रेटून बसलेले. मधला एक चिरडला की रस खाली उतरतो, ओल तिथेच राहते, बुरशीला आणखी काय हवं! "वेल आजारी नाही हो, काका. फक्त तिला निळीच्या मापानं वाढवून चालत नाही."

स्पंदना ऐकता ऐकता मान खाजवत होती. गळ्याभोवती घामोळ्यांची लाल रेघ उठली होती. ती म्हणाली, "मग त्या पिशवीत तिला पण असंच टोचलं असेल."

ताता तिच्या गळ्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस तो.

शांताक्कांनी एका बहराची मुदत दिली. त्यातही कुजली, तर वेल जाणार.

दसरा झाला, छाटणी झाली. मणी ज्वारीएवढे झाले तेव्हा तातांनी माझा गंज घासून काढला, सांध्याला तेलाचा थेंब दिला. घडातले दाटीचे मणी काढायचे होते. बागायतदार याला विरळणी म्हणतात. मित्रांनो, मी आजवर मेलेला धागाच कापला होता. हिरवा, जिवंत मणी कापताना मला कसंसंच झालं. तातांना बारीक मणी नीट दिसेनात. मग स्पंदनानं घड धरला आणि ते एकेक मणी टिपत गेले. जमिनीवर हिरवा सडा पडला. शांताक्का हळहळल्या, पण अडवलं नाही. नव्या पिशव्या मच्छरदाणीच्या कापडाच्या झाल्या, ढगळ, खालून मोकळ्या. ताता आयुष्यात पहिल्यांदा सैल शिवत होते.

ऐन पिकताना पाऊस आलाच. तीन दिवस स्पंदना खिडकीतून मांडवाकडे बघत होती. चौथ्या दिवशी पिशव्या सोडल्या. दोन घड गेले होते. बाकीचे नऊ पिवळसर, पारदर्शक, प्रत्येक मणी आपापल्या जागी ऐसपैस.

शांताक्कांनी पहिला घड विठ्ठलापुढे ठेवला, मग एक मणी तोंडात टाकला.  मग म्हणाल्या, "स्पंदना, ती कात्री आण."

पोरीनं आधी वेलीकडे पाहिलं. मग मला घट्ट मुठीत धरून आणलं.

शांताक्कांनी तिला मांडीशी ओढलं, मान बाजूला केली आणि अजूनही तिच्या अंगात असलेल्या त्या फ्रॉकच्या उंच गळ्याची शिवण माझ्या टोकानं उसवली. टाका, टाका, टाका. अस्तर हातात आलं. "जरा हवा लागू दे," असं म्हणत त्यांनी तिच्या मानेवर फुंकर घातली.

मित्रांनो, त्या दिवशीचे धागे मी विसरणार नाही. द्राक्षांचा रस लागला की मला पुन्हा गंज चढतो, म्हणून काम झालं की पुसून ठेवत जा मला. आणि कुणाला नाजूक म्हणण्याआधी, त्याच्या कपड्याच्या गळ्यात एक बोट सहज शिरतं का, तेवढं बघा.