तैवानचे तेरा आठवडे

सुशांतने माईक तोंडाजवळ धरला आणि चिठ्ठी उलगडली. अमेरिकेतल्या चँडलरच्या मराठी मंडळात आभारप्रदर्शन म्हणजे जेवणाआधीचा शेवटचा अडथळा. श्रीखंडावर डोळा ठेवून बसलेली दोनशे माणसं. हॉल, साउंड, मोदक वळणाऱ्या झाडून सगळ्या काकू, साऱ्यांचे आभार मानून झाले. चिठ्ठी संपली. माईक काही त्याने सोडला नाही.

पहिल्या रांगेत त्याची बायको, हिमानी, बसली होती. गेल्या वर्षी तो तेरा आठवडे मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात होता, तेव्हा भर उन्हात चाळीस मैल ड्राइव्ह करून ती रोज यायची. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. ती त्याच्या पाठीशी गप्पा मारायची. एकदा त्याने डबा भिरकावला. तिने फरशी पुसली आणि दुसऱ्या दिवशी तीच आमटी आणली. आजही सकाळची गोळी तीच त्याच्या हातावर ठेवते.

मंडळात मात्र तिने सांगितलं, सुशांत कंपनीच्या कामाने तैवानला गेलाय. आणि थाप तरी केवढी! अख्खं तैवान उभं केलं पठ्ठीने. तिथले भूकंप, खाष्ट घरमालकीण, तिचं आंधळं मांजर. लोकांना त्या मांजराची काळजी लागून राहिली. आज दारातच दोघांनी त्याची खुशाली विचारली, आणि सुशांत म्हणाला होता, बरंय आता.

"एकीचे आभार राहिले," तो माईकवर म्हणाला. "हिमानीचे. त्या तेरा आठवड्यांत मी कामावर नव्हतो. हॉस्पिटलमध्ये होतो. डोक्याच्या…"

हॉलमध्ये एसीची घरघर तेवढी ऐकू येऊ लागली. माणसं आपापल्या चपलांकडे बघायला लागली.

हिमानी उठली, हसत सगळ्यांकडे वळली.

"डेंग्यू झाला होता हो त्याला. डास फार तिकडे. तुम्हा सगळ्यांना उगाच टेन्शन नको, म्हणून बोलले नाही."

हॉलने श्वास सोडला. तिने मान वळवून सुशांतकडे पाहिलं. हसू तसंच होतं, पण खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

तिचे आभार मानायचे तर आता तिच्या बोलण्याला हो म्हणणं, एवढीच जागा उरली होती.

"हो," सुशांत म्हणाला. "डेंग्यू."

टाळ्या पडल्या.

जेवणाच्या रांगेत मंडळातल्या वीणामावशींनी त्याला गाठलं. हा अशक्तपणा वर्षभर जात नाही रे बाबा, पपईच्या पानांचा रस घेत जा, म्हणाल्या. किती घ्यायचा, कधी घ्यायचा, त्याने मन लावून विचारलं. शेजारी उभी राहून हिमानी फोनमध्ये लिहून घेत होती.