चिकटलेले तुकडे

उन्नती संध्याकाळी सातला जूचंद्रच्या घरी पोचायची तेव्हा तिच्या बोटांत अजून कंपनीतला गारठा असायचा. वसई पूर्वेला गोठवलेल्या माशांच्या एका कंपनीत ती पॅकिंग तपासायची. दिवसभर उभं राहून पाकिटं बघायची, वजनं बघायची आणि गाडी निघायच्या आधी स्लिपवर सही करायची. लेबल तिरकं लागलेली पाकिटं कामगारांना स्वस्तात मिळत. त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस घरी तोच मासा. ज्याच्याकडे बघून दिवसभर कंटाळा यायचा, तेच रात्री ताटात.

पण करायला सोपं होतं. तुकडे वितळू द्यायचे नाहीत, नळाखाली धरून वरचा बर्फ तेवढा काढायचा, फडक्यानं टिपायचे. मीठ, हळद, तिखट, थोडं कोकमाचं आगळ, मग रव्यात घोळवून वरून तेलाचा हात, आणि एअर फ्रायरमध्ये अठरा मिनिटं. तेवढ्यात भाताचा कुकर व्हायचा. नवरा, परेश, भिवंडीच्या गोदामातून नऊला यायचा. तोवर ती आणि आठवीतली रिद्धी जेवून घ्यायच्या.

त्या मंगळवारी, आदल्या दिवशी कंपनीतून आणलेल्या सुरमईचे तुकडे सुटे निघाले नाहीत. चारही एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं होतं आणि पाकिटाच्या कोपऱ्यात गुलाबी बर्फ साचला होता. मासा मध्येच वितळून परत गोठलाय, हे उन्नतीच्या लक्षात आलं. न यायला ती काय नवखी होती? पण पाय ठणकत होते आणि घरात दुसरं काही नव्हतं. तिनं सुरीनं तुकडे सोडवले, मसाला लावला, बटण दाबलं.

अठरा मिनिटांनी टोपली ओढली तर तळाशी पाणीच पाणी. रवा गळून गेला होता आणि चिमटा लावताच तुकडा मोडत होता.

"आई, हा भाजलाय की उकडलाय?" रिद्धीनं विचारलं.

"खा गं. आज माझ्यात दुसरं काही करायचं त्राण नाही."

रिद्धीनं दोन तुकडे खाल्ले. उन्नती स्वतःचं ताट वाढून घेत होती, तेवढ्यात पोरीचं तोंड लालबुंद झालं. मग कान, मग मानेवर चट्टे. "आई, खाजतंय. छातीत धडधडतंय."

गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. पाऊण तासानं चट्टे उतरायला लागले, तसे ते म्हणाले, "सुरमई होती ना? असला मासा मध्येच कुठे गरम झाला की त्यात विष तयार होतं. शिजवलं तरी जात नाही. बघून कळलं नाही का तुम्हाला?"

उन्नतीनं मान खाली घातली. कळलं होतं, हे तिला सांगवलं नाही.

रिद्धी झोपल्यावर तिनं कचऱ्यातून पाकीट काढून लॉट नंबर वाचला. त्याच लॉटचे चारशे बॉक्स कोल्ड स्टोरेजमध्ये होते. गुरुवारी सकाळी गाडी भरायची होती. सही तिचीच. तिनं बॅप्टिस्ट काकांना फोन लावला. कोल्ड स्टोरेज तेच सांभाळायचे. त्यांच्या रिटायरमेंटला चार महिने उरले होते.

"काका, आपल्याकडे लाइट गेली होती का?"

काकांनी आवाज एकदम खाली आणला. मग म्हणाले, "फोनवर नको, बाय. उद्या लवकर ये."

सकाळी त्यांनी तापमानाची वही उघडून दाखवली. रविवारचं पान. प्रत्येक तासासमोर वजा अठरा. "सगलं खोटं हाय," ते म्हणाले. "रस्ता खोदताना केबल तुटली. जनरेटर सुरू झाला नाय. सात तास. मी सरांना फोन केला तर म्हनाले, दार उघडू नका नि वजा अठरा लिवा. मी लिवलं."

उन्नती स्वरूप सरांच्या केबिनमध्ये गेली. सर मॅनेजर होते, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी तिला बसायला सांगितलं, रिद्धीची चौकशी केली. मग म्हणाले, "मॅडम, पाकीट तुमच्या घरी कसं राहिलं, मला काय माहीत? तुमच्याकडे लाइट जाते की नाही? मुलीला ॲलर्जी असेल. दमलाय तुम्ही. उद्या गाडी लागली की सही करा आणि दोन दिवस रजा घ्या."

रात्री तिनं परेशला सगळं सांगितलं. तो बूट काढत होता. "एवढे लोक आहेत तिथे, तूच का?" तो म्हणाला. मग आत जाऊन झोपलेल्या रिद्धीची मान बघून आला. "काय करायचं ते कर," तो म्हणाला. "मी काही बोलणार नाही."

गुरुवारी सकाळी उन्नती एअर फ्रायर जुन्या चादरीत बांधून रिक्षात बसली. तो मांडीवर जड लागत होता. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तिनं तो चहाच्या टेबलावर मांडला आणि काकांना म्हणाली, "स्टोरेजमधून दोन पाकिटं आणा. एक त्या लॉटचं, एक रविवारनंतर आलेल्या नव्या लॉटचं. सगळ्यांसमोर आणा." चहाची वेळ होती. लाइनवरच्या बायका गोळा झाल्या.

नव्या लॉटचे तुकडे खणखणीत सुटे पडले आणि अठरा मिनिटांनी खरपूस निघाले. दुसऱ्याचं ढेकूळ टेबलावर आपटूनही सुटेना. ते शिजलं तेव्हा टोपलीत वाटीभर पाणी होतं. आंबूस वास सगळ्यांना आला.

स्वरूप सर धावत आले. "हे काय चाललंय? बाहेर गाडी उभी आहे!"

उन्नतीनं मोडका तुकडा ताटलीत ठेवून त्यांच्यापुढे सरकवला. तिचा आवाज चढला नाही. चढवायला ताकदच नव्हती. "सर, हा तुम्ही खा. मग मी सही करते."

सर ताटलीकडे बघत राहिले. मग मागून बॅप्टिस्ट काका म्हणाले, "रविवारी सात तास लाइट नव्हती. वहीत वजा अठरा मी लिवलं. सरांनी सांगितलं म्हनून लिवलं, पन हात माझा होता."

एवढ्या लोकांनी ऐकल्यावर ते परत झाकता येण्यासारखं नव्हतं. गाडी रिकामी गेली. दुपारी मालक आले, माल अडवून ठेवला, नमुना तपासणीला पाठवला. दहा दिवसांनी चारशे बॉक्स नष्ट करायला नेले. उन्नतीला कोणी शाबासकी दिली नाही आणि रागावलंही नाही. पुढच्या महिन्यात तिला तपासणीवरून काढून मासे कापायच्या, कटिंगच्या लाइनवर टाकलं. तिथे अनुभवी माणूस हवं, म्हणाले. काकांना चार महिन्यांऐवजी त्याच महिन्यात निरोप मिळाला. स्वरूप सर आहेत तिथेच आहेत. वही मात्र आता दोन माणसं लिहितात.

एका रविवारी ती काकांना भेटायला वसईला, पाचूबंदरला गेली. त्यांची बायको प्रिस्का काकी व्हरांड्यात लसूण सोलत होती. काकांनी खुर्ची दिली.

"माझ्यामुळे तुमचे चार महिने गेले," उन्नती म्हणाली.

"तुझ्यामुले नाय. मी बोललो ते मला बोलायचंच होतं. तुला कटिंगला टाकलं ना? हात बघू."

बोटं सुजली होती. काका नुसतं "हं" म्हणाले. काकी चहा करायला आत गेली. व्हरांड्यात वारा होता, कोणाला कसली घाई नव्हती, आणि चहा येईपर्यंत उन्नती खुर्चीतच झोपून गेली.

"उठवू का?" काकांनी हळूच विचारलं.

"नको," काकी म्हणाली, आणि कपावर बशी झाकून ठेवली.