कडेला आलेली बोटं

“नको! त्यात दिसेल!” मुलगी यंत्रासमोरच्या फळीला छाती लावायला तयार होईना.

ती खोकत होती, धापा टाकत होती आणि एक्स-रे खोलीच्या दाराची कडी काही सोडत नव्हती. वय सात-आठ. डॉक्टर फोटोसाठी खोळंबले होते.

“अगं, फोटोकाकांना घाबरतेस?” सिस्टर म्हणाल्या. “त्यांना तर मांजरसुद्धा भीत नाही.”

मुलगी हसली नाही. फोटोकाका तिच्यासमोर उकिडवे बसले. एकतीस वर्षं ते या खोलीत फोटो काढत होते, आणि सुट्टीच्या सकाळी प्रार्थनेच्या वर्गात मुलांना शिकवत होते. ही त्याच वर्गातली, मागच्या रांगेत बसणारी.

“काय दिसेल, बाळ?”

“तुम्हीच सांगितलंत ना, देव एक्स-रेसारखा असतो. आतलं सगळं बघतो.” बाहेर बसलेल्या आईकडे बघत तिनं आवाज खाली आणला. “मला भाऊ नको, असं मी मनात म्हटलं होतं. मग तो मेलेलाच जन्माला आला. आई फोटो बघेल.”

देव एक्स-रेसारखा, हे वाक्य काका वर्गात दरवर्षी सांगत. मुलं खूश होत, म्हणून.

त्यांनी भिंतीवरच्या दिव्यापुढे एक जुनी फिल्म धरली. “नीट बघ. काय दिसतं?”

“हाडं.”

“अजून?”

“नुसती हाडं.”

“तेवढंच. मनातलं यात येत नाही. आणि मनात म्हटल्यानं कुणी मरत नाही. माझंच चुकलं, बाळ. एखादी गोष्ट कशासारखी असली, तरी सगळीच्या सगळी तशी नसते. हे सांगायचं मी विसरलो.”

ती फळीशी आली. काका सवयीनं किरणं अडवणाऱ्या शिशाच्या भिंतीआड निघाले.

“तुम्ही का लपता? देवपण लपतो?”

काकांचे पाय जागीच थबकले. आपण आजवर किती मुलांच्या मनात काय काय ठेवून आलो असू, असा विचार त्यांना आला. त्यांनी शिशाचा जड एप्रन चढवला आणि मागे उभं राहून तिचे खांदे धरले.

“सिस्टर, बटण तुम्ही दाबा. बाळ, श्वास धर... सोड आता.”

फिल्म धुऊन आली. खांद्याच्या कडेला चार बोटांची हाडं उमटली होती. असा फोटो ते एरवी बाद करत.

“ही कुणाची?” मुलीनं विचारलं.

“माझी.”

तिच्या बरगड्या स्पष्ट आल्या होत्या. बोटं तेवढी हलून पुसट झाली होती.