मैदानभर उजेड

हैदराबादेतल्या अंबरपेठच्या मराठी मंडळाच्या मैदानावर संध्याकाळी अर्धाच खो-खो चालायचा. चार कोपऱ्यांतल्या लोखंडी पोलांवर चार हॅलोजन होते, पण लावता यायचे दोनच. तिसरा लावला की फ्यूज उडायचा आणि मंडळाच्या वाचनालयासकट सगळीकडे काळोख व्हायचा. त्यामुळे खो-खोचा पूर्वेकडचा खांब कायम अंधारात. पोरी तिथून अंदाजाने वळायच्या.

गंगूताई या पोरींना शिकवायच्या. दिवसा त्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. आजोबा बिदरकडची शेती सोडून निजामाच्या काळात इथे आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत दखनी मुरलेली. संघातली सगळ्यात चपळ पोर भाग्यलक्ष्मी. अफझलगंजच्या एका दुकानात दिवसभर साड्या उलगडून दाखवायची, घड्या घालायची आणि सुटली की बस पकडून थेट मैदानावर यायची. त्या पावसाळ्यात अंधारातल्या खांबापाशी तिचा पाय खड्ड्यात गेला आणि गुडघा असा सुजला की तिला उचलून न्यावं लागलं.

दुसऱ्याच दिवशी मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मणरावांनी गंगूताईंना बोलावून घेतलं.

"गंगूबाई, आता पुरे झालं. लाइटचं बिल मंडळाला झेपत नाही, त्यात पोरींचे पाय मोडायलेत. गावभर फंक्शन हॉल निघायलेत. आपणही संध्याकाळचं मैदान लग्नाला देऊ. पोरी सकाळी खेळतील."

"सकाळी कोण येईल?" गंगूताई म्हणाल्या. "कुणी दुकानात, कुणी एसटीडी बूथवर, कुणी कॉलेजात. संध्याकाळ काढून घेतली तर संघच राहत नाही."

लक्ष्मणराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी दिवाळीनंतर निर्णय घ्यायचं ठरवलं.

मंडळाच्या गणपतीत चिक्कडपल्लीहून अपर्णा आली होती. पुण्याची इंजिनिअर, दिव्यांच्या एका कंपनीत नोकरीला, हैदराबादेत नवीन. आरती झाल्यावर सगळे प्रसादाकडे वळले आणि ही मैदानात उभी राहून पोलावरच्या दिव्याकडे बघत राहिली. गंगूताईंनी विचारलं, "काय बघायलीस?"

"तुमचा दिवा म्हणजे शेगडी आहे, ताई. वीज खातो ती उष्णतेतच जाते. याच वायरीवर, याच मीटरवर अख्खं मैदान उजळता येईल."

"चारही कोपरे?"

"चारही. आणि बिल आत्तापेक्षा कमी येईल."

गंगूताईंनी तिचा हात धरला आणि तिला तशीच लक्ष्मणरावांसमोर नेऊन उभं केलं. अपर्णाने मेटल हॅलाइड नावाच्या नव्या दिव्यांबद्दल सांगितलं. तेवढ्याच विजेत हे दिवे हॅलोजनच्या चौपट उजेड देतात.

लक्ष्मणराव हसले. "उजेड जास्त आणि वीज कमी? मॅडम, असं कधी होतं का? आणि हे महागडे दिवे घ्यायचे कशाने?"

"आत्ता काही देऊ नका. बिलात जी बचत होईल त्यातूनच कंपनी थोडंथोडं घेईल. बचत झाली नाही तर दिवे काढून नेऊ."

हे बोलताना तिने कंपनीला विचारलंदेखील नव्हतं. पुढचे कित्येक दिवस ती कंपनीतल्या साहेबांच्या मागे लागली होती. कारखाने नि हॉटेलं सोडून एका मंडळाच्या मैदानावर माल अडकवायचा, हे साहेबांना पटेना. शेवटी तिने त्यांना स्कूटरवर बसवून अंबरपेठला आणलं. अर्ध्या उजेडात धावणाऱ्या पोरी दाखवल्या. निघताना साहेब म्हणाले, "लावून बघ."

लक्ष्मणरावांनीही अट घातली. डिसेंबरात मंडळाने आंतरक्लब स्पर्धा भरवायची, तीही संध्याकाळी. दुसऱ्या संघांना उजेड पसंत पडला तर मैदान पोरींचं. नाहीतर लग्नांचं.

दिवे चढले. पहिल्या संध्याकाळी सगळं मैदान दुधासारखं उजळलं आणि पोरींनी आरोळ्या ठोकल्या. पण खेळ सुरू झाल्यावर खांबाला वळसा घालणारी प्रत्येक पोर डोळ्यांवर हात धरू लागली.

"दिवा थेट डोळ्यांत येतो," गंगूताई म्हणाल्या. "हे नाही चालायचं."

"पण उजेड मोजायच्या मीटरवर सगळं अगदी बरोबर आहे!" अपर्णा चिडली.

"मीटर पळत नसतं, अपर्णा. तू एकदा पळून बघ."

अपर्णा पळाली. खांबापाशी वळली तशी तिचे डोळे दिपले आणि ती सरळ एका बसलेल्या पोरीच्या अंगावर आदळली. उठली ती हसतच. मग दोघी कामाला लागल्या. गंगूताई खेळाडू कुठे वळते, कुठे मान वर करते ते दाखवायच्या आणि अपर्णा त्याप्रमाणे दिव्यांची तोंडं फिरवून घ्यायची. पोल उंच केले, दिव्यांना पत्र्याची झापडं लावली. भाग्यलक्ष्मीचा गुडघा तोवर बरा झाला होता. तिने दोन्ही खांबांवर फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "टीचर, आता बागुंदी, एकदम छान! माझी सावलीसुद्धा मला दिसायली."

स्पर्धेला बाहेरचे संघ आले. अंतिम सामन्यात समोर सिकंदराबादचा क्लब होता, वर्षानुवर्षं जिंकत आलेला. मैदानाभोवती बसायला जागा उरली नव्हती. शेवटचा पाठलाग अंबरपेठचा होता, गुण बरोबरीत होते, एक गडी टिपायचा होता. भाग्यलक्ष्मी पाठलागावर होती.

तेवढ्यात वीज गेली. पापणी लवावी इतकीच गेली आणि लगेच आली. समोरच्या घरांतले दिवे लागले, वाचनालयाचा पंखा फिरू लागला. मैदान मात्र काळंच राहिलं.

"नई लाइटां रूठ गए!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. लोक उठू लागले. सिकंदराबादचे व्यवस्थापक पंचांकडे जाऊन सामना बरोबरीत सोडवा म्हणू लागले. लक्ष्मणराव अपर्णाकडे आले. "मॅडम, तुम्ही माझं नाक कापलं. हॅलोजन असते तर कधीच लागले असते."

"हे दिवे एकदा विझले की आधी थंड व्हावे लागतात. मग आपोआप लागतात. थोडं थांबा." अपर्णाने शांतपणे सांगितलं खरं, पण तिची नजर पोलांवरून हलत नव्हती.

गंगूताईंनी माइक घेतला नाही. त्या सरळ मैदानात गेल्या आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पोरींनो, जागा सोडू नका. बसा आपापल्या पाटीवर. सामना संपला नाही."

अंधारात पोरी मैदानाच्या मध्ये आखलेल्या पाट्यांवर ओळीने बसल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. भाग्यलक्ष्मी जिथे होती तिथेच उभी राहिली. ते पाहून सिकंदराबादच्या पोरीही आपापल्या जागी उभ्या राहिल्या. त्यांची कप्तान आपल्या व्यवस्थापकांना म्हणाली, "सर, अर्धा सामना घेऊन आम्ही घरी जाणार नाही." पंचांनी घड्याळ थांबवलेलंच होतं. त्यांनी मान डोलावली. उठलेले लोक हळूहळू परत बसले. कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला आणि बघता बघता सगळं मैदान तो ठेका वाजवू लागलं.

मग एका पोलावर जांभळट ठिणगी दिसली. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. ती उजळत गेली, निळसर झाली, पांढरी झाली, आणि पोरींचे घामेजलेले चेहरे एकेक करून दिसू लागले. लोकांनी असा गजर केला की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या.

पंचांनी शिटी फुंकली. समोरची धावपटू डावीकडे झुकली. भाग्यलक्ष्मीने तिच्या मागे न लागता बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर हात टेकून "खो!" दिला. मैत्रीण उठली, दोन ढांगांत पुढच्या पाटीपर्यंत गेली, पुन्हा "खो!" तिसरीने स्वतःला झोकून दिलं. तिची बोटं धावपटूच्या टाचेला लागली. मैदानाच्या चारही बाजूंनी सगळ्यांना ते स्वच्छ दिसलं. शंका घ्यायला जागाच नव्हती.

पोरी एकमेकींवर कोसळल्या. सिकंदराबादची कप्तान स्वतः येऊन भाग्यलक्ष्मीला उचलून गोल फिरली. लक्ष्मणरावांनी माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि सांगितलं, "हे मैदान लग्नाला मिळणार नाही. कुणी विचारायला येऊ नका." टाळ्या थांबेनात. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले वॉर्डाचे नगरसेवक अपर्णाला गाठून विचारत होते, आपल्या गल्ल्यांतल्या दिव्यांचं असं काही करता येईल का. लक्ष्मणराव मध्येच शिरले, "आधी आमचं वाचनालय आणि बालवाडी! नंबर लावा, साहेब."

पोरींनी अपर्णाला ओढून मैदानात नेलं आणि एका पाटीवर बसवलं. तिने चपला भिरकावल्या, पदर खोचला. मागून गंगूताईंची थाप पाठीवर पडली आणि कानाशी आवाज घुमला, "खो!"

अपर्णा उठून जीव खाऊन धावत सुटली.