अकरा संगणकांचा प्रमुख

मी एक जुना संगणक आहे. डोंबिवलीच्या एका कॉलेजात, विभागप्रमुख महेंद्र सरांच्या केबिनमध्ये, हजेरीचे तक्ते टाइप करत माझं आयुष्य सुखात चाललं होतं. माझा पंखा घरघरायचा, पण दुपारी सरही घोरायचे. त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती.

मित्रांनो, पहिला धक्का मला मेघनाने दिला. ही एमएस्सीची विद्यार्थिनी, राहायला जवळच्या दिवा गावात. तिथे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडला तर शेवटच्या इमारतीपर्यंत पाणी चढेल, याचा हिशेब तिने प्रकल्पासाठी घेतला होता. एकट्या संगणकाला तो महिनाभर पुरला असता, आणि परीक्षक गुरुवारी येणार होते. गुरुवार हुकला की वर्ष गेलं. म्हणून तिने लॅबमधले अकरा नवे संगणक तारांनी जोडले, प्रत्येकाला नाव-पत्ता दिला आणि एकमेकांकडे पासवर्ड न विचारता ये-जा करायची मुभा दिली. पासवर्ड न विचारता. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

अशा जोडणीत एकाने प्रमुख व्हायचं, कामाचे तुकडे वाटायचे आणि उत्तरं गोळा करायची, अशी पद्धत असते. प्रमुख हा शब्द ऐकून सर स्वतः लॅबमध्ये आले. सेवाज्येष्ठता डावलता येणार नाही, म्हणाले. मला केबिनमधून उचलून लॅबमध्ये जोडलं, झाली माझी नेमणूक. धक्क्याने माझा पंखा क्षणभर थांबला. सरांना तो माझा समंजसपणा वाटला.

सोमवारी काम सुरू झालं. मी एकाला तुकडा देतो न देतो, तोवर बाकीचे आपापलं संपवून हाताची घडी घालून बसलेले. मग सगळ्यांची उत्तरं एकदम माझ्या दारात आली. असा लोंढा मी जन्मात पाहिला नव्हता. माझा पडदा गोठला, मग काळा झाला. अकरा हुशार पोरं माझ्यापायी खोळंबली.

मेघनाने सरांना बोलावून तो काळा पडदा दाखवला. मग म्हणाली, "सर, याला बदलावं लागेल."

"अगं, त्याची सर्व्हिस किती झालीय माहितेय? काल आलेल्यांच्या हाताखाली काम करायचं त्याने?"

सर माझ्याबद्दलच बोलत होते, असं खात्रीने सांगता येणार नाही.

"हाताखाली कशाला, सर? बढती देऊ. सल्लागार करू."

"सल्लागाराला काम काय?"

"तेच तर, सर. काहीच नाही. शेवटी फक्त पाण्याचा नकाशा पडद्यावर दाखवायचा."

सरांचा चेहरा उजळला.

प्रमुखपद एका नव्या संगणकाकडे गेलं आणि बुधवारी संध्याकाळी हिशेब पुरा झाला. गुरुवारी मला पुन्हा सुरू केलं आणि नकाशा माझ्या पडद्यावर उमटला. पाण्याची निळी रेघ शेवटच्या इमारतीच्या गच्चीपर्यंत चढली होती. परीक्षकांनी मेघनाला पास केलं आणि 'जुनं ते सोनं' म्हणत पाठ थोपटली ती माझी. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जरूर जपा. त्यांची धूळ पुसा, पंखा साफ करा. पण जबाबदारी टाकण्याआधी, त्यांना किती झेपेल ते विचारत चला. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मला बंद पडून सांगावं लागलं.